नरवड्यांचं रक्त

रूपाच्या दहाव्याचं जेवण उरकलं होतं. लासूर स्टेशनच्या घरासमोर लिंबाखाली भावकी सुपारी कातरत बसली होती आणि आत सरूबाई गेलेल्या लेकीच्या साड्यांच्या घड्या घालत होती. रूपा एकोणतिसाव्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरनं गेली. नवऱ्यानं तिला दुखण्यातच माहेरी आणून सोडलं होतं, त्यामुळं तिचं सगळं माहेरीच झालं. वाळूजला वर्कशॉप चालवणारा तिचा थोरला चुलता कारभारी नरवडे आतल्या बाईला ऐकू जाईल अशा बेतानं बोलला.

"आमच्या नरवड्यांत असलं कधी नव्हतं. सात पिढ्या धुंडाळा. हे सरूबाईच्या माहेरचं नासकं रक्त. सोमनाथला मी तव्हाच म्हणलं होतं, माल घेताना गेज लावून बघ. रिजेक्ट माल गळ्यात पडला आन लेकीच्या जिवावर बेतलं."

उलट बोलणारं कुणी नव्हतं. सोमनाथ, म्हणजे कारभारीचा धाकटा भाऊ आणि सरूबाईचा नवरा, चार वर्षांपूर्वी दुसऱ्या शिफ्टहून परतताना वाळूजच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला होता. भावकीनं माना डोलावल्या. रूपाची धाकटी बहीण तनुजा पाण्याचा जग घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिनं वळून आईकडं पाहिलं. सरूबाईच्या हातातली घडी अर्ध्यावर थांबली होती. मग तिनं ती पुरी केली, वरून हात फिरवला आणि पुढची साडी उचलली. त्या दिवशी ती काही बोलली नाही, पुढंही कधी बोलली नाही. तनुजाला चुलत्याच्या शब्दांपेक्षा आईचं ते गप्प राहणं जास्त लागलं.

कारभारी तेवढ्यावर थांबला नाही. दुसऱ्या वर्षी तनुजाचं लग्न वैजापूरच्या एका इंजिनिअर मुलाशी ठरलं. साखरपुड्याला आठ दिवस राहिले असताना कारभारी स्वतः गाडी काढून मुलाच्या बापाकडं गेला. पोरगी गुणाची आहे, पण आईकडून रोग आलेला आहे, मागून आम्हाला बोल नको, असं सांगून आला. लग्न मोडलं. आपण सच्चेपणानं वागलो असं तो चारचौघांत सांगायचा. खरी गोष्ट अशी, की त्याची एकुलती एक लेक प्रेरणा लग्नाला आली होती आणि नरवड्यांचं रक्त स्वच्छ आहे हे सोयऱ्यांना पटवायचं तर डाग कुणाच्या तरी माहेरी नेऊन टाकणं भाग होतं.

तनुजानं पुन्हा लग्नाचा विषय काढू दिला नाही. आईला घेऊन ती शहरातल्या छावणी भागात दोन खोल्यांत राहायला आली, तिथल्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायला लागली आणि पीएचडीसाठी तिनं जो विषय घेतला तो सहज घेतला नव्हता. बहिणीला ज्यानं खाल्लं ते काय आहे, हे तिला मुळापासून बघायचं होतं.

तिनं पाच वर्षं एकाच प्रथिनावर काढली. माणसाच्या प्रत्येक पेशीत डीएनएचे धागे रोज कुठं ना कुठं तुटतात. ते बिनचूक सांधणाऱ्या टोळीत एक मोठं प्रथिन असतं, बीआरसीए-वन. अठराशे त्रेसष्ट अमिनो आम्लांची एक लांब माळ, आणि ती माळ ठरावीक घड्या घेऊनच कामाची होते. तिच्या शेवटच्या टोकाला दोन गोळे एकमेकांना पाठ लावून बसलेले असतात. त्या दोघांच्या बेचक्यात दुसरी प्रथिनं येऊन अडकतात, तेव्हा कुठं दुरुस्ती सुरू होते. ते गोळे जिथं एकमेकांना चिकटतात, तिथं आत एक अगदी लहान अमिनो आम्ल बसलेलं असतं. नरवड्यांच्या घरात डीएनएचं एकच अक्षर बदललं होतं, आणि त्या लहानग्याच्या जागी एक थोराड, विद्युतभार असलेलं अमिनो आम्ल येऊन बसलं होतं. ते तिथं मावत नाही. दोन्ही गोळे फाकतात, बेचकं उरत नाही आणि प्रथिन असून नसल्यासारखं होतं. तरी दुसऱ्या पालकाकडून आलेली चांगली प्रत काम रेटत राहते. कधीतरी एखाद्या पेशीत तीही बिघडते. मग त्या पेशीतले तुटलेले धागे वेडेवाकडे जोडले जायला लागतात आणि एक दिवस गाठ हाताला लागते.

रूपाच्या रक्ताचा रिपोर्ट ती गेल्यावर तीन आठवड्यांनी आला होता आणि फायलीत तसाच पडून होता. वाचता येण्याइतकी शिकल्यावर तनुजानं तो वाचला. मग स्वतःचं रक्त दिलं. तिच्यातही तेच निघालं. मग तिनं आईचं रक्त दिलं.

रिपोर्ट समजावून सांगायला मनस्विनी मॅडम होत्या. आनुवंशिक आजारांबद्दल घरच्यांशी बोलणं हेच त्यांचं काम. त्यांनी कागद तनुजासमोर सरकवला. "आईंच्यात हा दोष नाही. म्हणजे तुमच्या वडिलांकडून आलाय."

"परत सांगा, मॅडम," तनुजा म्हणाली.

मॅडमनी परत सांगितलं. त्यांना वाटलं, हिला समजलं नाही. तिला फक्त ते वाक्य दुसऱ्यांदा ऐकायचं होतं.

"वडिलांकडं कोण कोण आहे?"

"एक चुलता. त्याला एक मुलगी. एक आत्या होती. चाळिशीत पोट फुगून गेली. करणी झाली म्हणायचे."

मॅडमचा पेन थांबला. "करणी नसणार ती. चुलत्यांच्यात हे असण्याची शक्यता निम्मी आहे आणि त्यांच्यात असलं तर मुलीत यायची परत निम्मी. पुरुषाला बहुतेक वेळा काही होत नाही, तो नुसता पुढं देतो. त्या मुलीनं लवकर तपासून घ्यायला हवं. हे पत्र त्यांना द्या. सगळं सोप्या मराठीत लिहिलंय."

घरी येऊन तनुजानं आईला पलंगावर बसवलं आणि सांगितलं.

"म्हंजे रूपा माझ्यानं नाय गेली?"

"नाही गं आई. तुझ्यात काहीच नाही."

सरूबाई रडली. सात वर्षांत तनुजानं तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मग पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "कारभारी भावजींना सांग आधी. त्यांना लेक हाय."

तनुजा सांगणार होती. हे खरं आहे. पुढच्याच रविवारी प्रेरणाचं डोहाळजेवण होतं आणि पत्राचं पाकीट तिच्या पर्समध्ये होतं. पत्र देताना कारभारीचा चेहरा कसा होईल, हे तिनं रिक्षात बसल्या बसल्या चार वेळा डोळ्यांसमोर आणलं होतं.

वाळूजच्या एका हॉलमध्ये झुला फुलांनी मढवला होता. प्रेरणाला सातवा लागला होता. हिरव्या शालूत ती गोल गरगरीत दिसत होती. लहानपणी सुट्टीत लासूरला आली की ती तनुजाचा हात सोडायची नाही, इतकी मागं मागं असायची. काकू दिसल्याबरोबर तिनं झुल्यावरूनच हाक मारली, "काकू, तुम्ही पुढं या. मला तुमच्या हातचा घास पाहिजे."

सरूबाईनं दोन दिवस खपून खव्याच्या सांजोऱ्या केल्या होत्या. डबा उघडून ती पुढं झाली. बायकांच्या गर्दीतून कारभारी वाट काढत आला. त्यानं आवाज चढवला नाही. हसत हसतच त्यानं सरूबाईच्या हातातला डबा काढून घेतला.

"नको. त्या हातचा घास माझ्या नातवाला नको. रूपाचं झालं तेवढं बास. सरूबाई, तू बस मागं जाऊन. जेवून जा."

सरूबाई मागं जाऊन बसली. डबा हात धुवायच्या बेसिनजवळ कुणीतरी ठेवून दिला. थोड्या वेळानं प्रेरणा लघवीला म्हणून उठली, वाटेत थांबली, डब्यातली सांजोरी काढून काकूसमोर उभी राहून तिनं ती सगळी खाल्ली. "आबांचं मनावर घेऊ नका, काकू," ती म्हणाली. तनुजानं हे पाहिलं. म्हणूनच पुढं तिला कधी स्वतःला असं सांगता आलं नाही, की त्या घरात सगळे सारखेच होते.

निघताना कारभारी दारात पाहुण्यांना पानाचे विडे देत उभा होता. तनुजानं पर्स उघडली. पाकिटाचा कोपरा बोटांना लागला. कारभारीनं तिला विडा दिला आणि तिच्या मागं उभ्या असलेल्या आईला ओलांडून पुढच्या बाईला दिला.

तनुजानं पर्सची चेन ओढली.

शिरू दे तुझ्या घरात, तिनं मनात म्हटलं. तुझ्या हाडामांसात शिरू दे. मग बघू कुणाचं माहेर धुंडाळतोस. आकडा तर नुसता निम्म्याचा निम्मा आहे. प्रेरणाला काही होणारही नाही. झालंच, तर ते त्याचं रक्त. मी कुणाला पाजलेलं नाही.

रात्री आईनं विचारलं, "दिलंस का पत्र?"

"दिलं."

"काय म्हणले?"

"काही नाही. खिशात घातलं."

पाकीट कपाटात, रूपाच्या फायलीखाली गेलं. पुढच्या दीड वर्षात तनुजानं ते बाहेर काढलं नाही, पण ते तिथं आहे हे ती एकही दिवस विसरली नाही. प्रेरणाला मुलगा झाला. बारशाला कारभारीनं तिला फोन केला, आईला नाही. ती गेली. बाळाला मांडीवर घेतलं, आहेर दिला, जेवली. कारभारीकडं बघताना तिला एक प्रकारचं बळ वाटायचं. समोरचा माणूस छाती काढून चालतोय आणि त्याच्या पायाखाली काय आहे ते फक्त आपल्याला ठाऊक आहे, या जाणिवेची तिला चटक लागली होती.

श्रावणात प्रेरणाचा फोन आला.

"तनूताई, छातीत गाठ आहे. दूध साकळलंय म्हणून चार महिने शेकत होते. आता काखेतही लागतीय. तू येशील का माझ्याबरोबर?"

आधी तनुजाच्या आत काहीतरी उसळून वर आलं. आता. आता कळेल त्याला. फोन कानालाच होता आणि पलीकडं बाळ रडत होतं. मग ती मोरीत जाऊन ओकली. दोन्ही गोष्टी पाच मिनिटांच्या आत घडल्या, आणि पहिली आधी घडली.

गाठ कॅन्सरची निघाली, काखेपर्यंत गेलेली. वय बघून डॉक्टरांनी जनुकांची तपासणी लावली आणि नरवड्यांचं तेच अक्षर सापडलं. दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात कारभारी बायकोवर, रत्नमालावर, खेकसत होता. "तुझ्या माहेरी कुणाला होतं का सांग. तुझी आजी कशानं गेली? लपवलं व्हतं ना तुमी? फसवलं ना मला?" रत्नमाला तोंडात पदर कोंबून हुंदके देत होती.

तनुजा त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "मोठे बाबा, तुम्हा दोघांचंही रक्त देऊ या. कुणाकडून आलंय ते स्पष्ट कळेल."

"दे, दे," कारभारी म्हणाला. "आत्ताच घ्या म्हणावं. आन रिपोर्ट तूच आण, तूच समजून सांग. आपल्या घरात शिकलेली तूच हायस."

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आले. तनुजानं ते पार्किंगमध्ये उभं राहून वाचले, गाडीवर बसली आणि थेट वाळूजला गेली. घरी सांगितलं असतं तर चाललं असतं. तिला वर्कशॉपच पाहिजे होतं.

कारभारीचं वर्कशॉप गाड्यांच्या कंपन्यांना बुश, हाउसिंग असे सुटे भाग करून द्यायचं. आठ लेथ, दोन ग्राइंडर, आणि दाराशी रिजेक्ट मालाचा लाल ट्रे. चाळीस वर्षांत त्या माणसाची नजर अशी तयार झाली होती, की जॉब, म्हणजे घडवलेला भाग, हातात घेऊन नुसता फिरवला तरी कुठं किती चुकलंय ते तो सांगायचा. काचेच्या केबिनमध्ये त्यानं तिला बसवलं. तिनं लॅपटॉप उघडला आणि पडद्यावर ते दोन गोळे आणले, एक निळा, एक पिवळा.

"हे बघा, मोठे बाबा. हे चांगलं प्रथिन. असे दोन भाग एकमेकांत बसतात. ह्यांच्या फटीत तिसरा भाग येऊन अडकतो, मग डीएनएची दुरुस्ती होते."

कारभारीनं चष्मा लावला. "प्रेस फिट हाय. दाबून बसवल्यालं."

"व्हय. आणि आता हे बघा."

तिनं दुसरी आकृती आणली. तिनं काही दाखवायच्या आत तो पडद्यावर वाकला, बोट त्या फाकलेल्या जागेवर नेलं आणि बरोबर तिथंच टेकवलं.

"हितं. हितं आत काहीतरी जास्तीचं ऱ्हायलंय. बसणारच नाय हे. कितीबी दाबलं तरी तोंड वासणार."

"चालवून घेता येईल का?"

"कसं घेणार? मायक्रॉनचं काम हे. माझ्याकडं आला असता तर सरळ रिजेक्ट."

"नक्की?"

"चाळीस वर्सं तेच करतोय ना मी. कुणाचा जॉब हा? प्रेरणाचा?"

तनुजानं दोन्ही रिपोर्ट टेबलावर ठेवले आणि एकेक त्याच्याकडं सरकवला. "प्रेरणात हेच आहे. हा मोठ्या आईचा रिपोर्ट. तिच्यात काही नाही, तिचं माहेर स्वच्छ आहे. आणि तुम्ही आत्ता ज्यावर बोट ठेवलं, ते तुमचं. तुम्हाला तुमच्या आईबापाकडून आलंय, बाबांनाही आलं होतं. आत्याला तेच होतं. रूपाला बाबांकडून आलं. माझ्यात पण आहे. माझ्या आईत नाही."

बाहेर लेथ चालू होते. कारभारीनं बोट पडद्यावरून काढलं, पण हात तसाच हवेत राहिला. त्यानं रिपोर्टवरचं स्वतःचं नाव वाचलं, वयाचा आकडा वाचला, परत नाव वाचलं. त्याचा खालचा ओठ लोंबला. सहासष्ट वर्षांचा तो धिप्पाड माणूस खुर्चीत बसल्या बसल्या लहान होत गेला आणि तनुजा ते डोळे भरून बघत राहिली. हा क्षण तिनं साडेआठ वर्षं मागितला होता. तो तिला पुरला नाही.

"रूपाचं श्राद्ध पुढच्या आठवड्यात आहे," ती म्हणाली. "लासूरला. भावकी येईल. दहाव्याला जे जे बसले होते, त्यांच्यासमोर जे बोललात, ते त्यांच्यासमोरच परत घ्यायचं. वैजापूरचे पाहुणे पण बोलवा. मी माझ्या आईला घेऊन येते."

"तनुजा, लेकरा, प्रेरणाचं असं असताना…"

"रूपाचं पण असंच होतं, मोठे बाबा."

तो आला. वैजापूरचे पाहुणे आले नाहीत, पण भावकी झाडून आली. लिंबाखाली तेच म्हातारे बसले होते, त्यातले दोघं कमी झाले होते. प्रेरणा दोन-तीन किमोंनंतर डोक्याला स्कार्फ बांधून, बाळाला रत्नमालाकडं देऊन खुर्चीवर बसली होती. तू नको येऊ म्हणून सगळ्यांनी सांगितलं होतं. तिला बापाचं बोलणं ऐकायचं होतं.

कारभारी उभा राहिला. टोपी काढून हातात धरली.

"रूपाच्या दहाव्याला मी सरूबाईच्या माहेराचं नाव घेतलं व्हतं. ते खोटं व्हतं. रोग तिच्याकडचा नाय. आपला हाय. नरवड्यांचा. माझ्यात हाय. सोमनाथमधी व्हता. पोरींना आमी दिला." त्याचा आवाज फाटला. "तनुजाचं लगीन मी मोडलं. सरूबाईला मी पोरीच्या डोहाळजेवणातून उठवलं. हे सगळं मी केलं. सरूबाई, मला… मी चुकलो."

एक म्हातारा खोकला. तनुजा आईच्या शेजारी उभी होती आणि तिच्या सगळ्या अंगातून ऊब फिरत होती. असा सूड रोज रोज हाती लागत नाही, आणि लागला तेव्हा तो तिनं पोटभर घेतला.

सरूबाई डोक्यावरचा पदर सारखा करत उठली. थोरल्या दिरासमोर ती आयुष्यात कधी मान वर करून बोलली नव्हती. आत्ताही तिनं मान वर केली नाही.

"भावजी, माझं काय, ते झालं. पण तनूनं तुमाला पत्र दिलं तव्हा तुमी ते वाचायला पाहिजे व्हतं. पोरीसाठी तरी. खिशात घालून कसं बसलात?"

"पत्र? कसलं पत्र?"

"ते दवाखान्याचं. डोहाळजेवणाच्या दिशी दिलेलं. पोरीला तपासून घ्या म्हणून लिव्हलेलं."

कारभारी गोंधळून गेला. त्यानं सदऱ्याच्या खिशाला हात लावला, जणू ते दीड वर्ष तिथंच असेल. "मला… आठवत नाय," तो म्हणाला. "मला दिलं व्हतं?"

सगळ्यांची तोंडं तनुजाकडं वळली. तिच्या लक्षात आलं, की अजून एक वार शिल्लक आहे. दिलं होतं, एवढंच म्हणायचं. या माणसावर आज कुणी विश्वास ठेवणार नव्हतं, त्याचा स्वतःचाही स्वतःवर राहिला नव्हता. मरेपर्यंत तो खिसे चाचपत राहिला असता. लेक त्याच्यावर थुंकली असती. शब्द तिच्या जिभेवर आला होता.

"तनूताई," प्रेरणा म्हणाली. "कसलं पत्र?"

तिच्या भुवयांचे केस गळून गेले होते, त्यामुळं चेहऱ्यावर काय आहे ते ओळखू येत नव्हतं.

"मी दिलं नाही," तनुजा म्हणाली.

"पण होतं तुझ्याकडं?"

"होतं. पर्समध्ये होतं. त्यांनी आईच्या हातातला डबा काढून घेतला आणि मी ते परत ठेवलं."

प्रेरणा बोटांवर महिने मोजायला लागली आणि मध्येच तिनं मोजणं सोडलं. "तेव्हा कळलं असतं तर?"

खोटं बोलायची ताकद तनुजात उरली नव्हती, आणि तिचा विषयच तो होता. "तुझी तपासणी चालू झाली असती. दुधाची गाठ म्हणून कुणी चार महिने घालवले नसते. काखेत जायच्या आधी सापडली असती."

"मी काकूंच्या डब्यातली सांजोरी खाल्ली होती," प्रेरणा एवढंच म्हणाली. ती उठली, रत्नमालाकडून बाळ घेतलं आणि सावकाश चालत गाडीत जाऊन बसली. कारभारी तिच्या मागं गेला नाही. तो तनुजाकडं बघत होता, आणि त्या नजरेत राग नव्हता. आपल्याच कुळातलं कुणीतरी दिसावं तसा तो बघत होता. तनुजाला ते सहन झालं नाही.

घरी आल्यावर सरूबाईनं कपाट उघडलं, रूपाच्या फायलीखालून पाकीट काढलं. तिला फारसं वाचता येत नव्हतं, तरी प्रत्येक ओळीखालून बोट फिरवत तिनं ते शेवटपर्यंत नेलं.

"तुझ्यासाठीच केलं आई," तनुजा म्हणाली.

"माझ्या नावावर नको घालू," सरूबाई म्हणाली. "मी तुला काय सांगितलं व्हतं? त्यांना लेक हाय, म्हणलं व्हतं. मला बोलले ते मी गिळलं व्हतं. तुला कुणी सांगितलं व्हतं ते बाहेर काढायला, आन त्या पोरीवर वतायला?"

दुसऱ्या दिवशी तिनं पिशवी भरली. प्रेरणाला किमो चालू, रत्नमालाचे गुडघे गेलेले, बाळाकडं बघायला कुणी नाही. ती कारभारीच्याच घरी राहायला गेली. त्याच्याशी ती बोलत नाही, त्याच्या ताटात वाढत नाही. पण बाळ तिच्याशिवाय झोपत नाही.

पुढं काय झालं ते सांगितलं पाहिजे. प्रेरणाच्या गाठीवर औषधं लागू पडली. मग शस्त्रक्रिया झाली आणि नंतर वर्षभराच्या गोळ्या सुरू झाल्या. ज्या पेशींची दुरुस्ती मुळातच मोडलेली असते त्यांचा उरलेला आधारही त्या गोळ्या काढून घेतात, मग त्या पेशी तग धरत नाहीत. डॉक्टर आशा धरून आहेत, पण खात्री कुणी देत नाही. कारभारी वर्कशॉपमध्ये फारसा जात नाही. भावकीत तनुजानं घरोघर जाऊन पत्रं दिली. दोन घरांनी दार लावून घेतलं. अकरा जणांनी रक्त दिलं, चौघांत सापडलं, त्यातली एक मुलगी बारावीला आहे. तनुजाला प्रेरणानं त्या दिवसानंतर एकदाही फोन केला नाही आणि तनुजानंही केला नाही.

पण टोपी हातात घेऊन लिंबाखाली उभा असलेला कारभारी आठवला, की तनुजाला अजूनही बरं वाटतं. ते बरं वाटणं कमी व्हावं म्हणून तिनं खूप प्रयत्न केले. ते कमी झालं नाही आणि प्रेरणाचा चेहराही पुसला गेला नाही. दोन्ही शेजारी शेजारी राहिले.

फेब्रुवारीत तिनं स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतली. दोन्ही स्तन, रोग यायच्या आधीच. भरती होताना ती एकटीच होती, कॉलेजातल्या एका बाईनं सही केली. दुसऱ्या दिवशी दुपारी डोळा उघडला तेव्हा शेजारच्या स्टुलावर सरूबाई बसली होती. मांडीवर दीड-दोन वर्षांचं बाळ पेंगत होतं आणि एका हातानं ती मोसंबी सोलत होती.

"प्रेरणानं पाठवलं?" तनुजानं विचारलं.

"नाय. माझी मी आले." सरूबाईनं एक फोड बी काढून तिच्या तोंडाशी धरली. "संध्याकाळच्या गाडीनं परत जायचंय. हे उठलं की रडतं."

तनुजानं तोंड उघडलं.